क्लिनिक-लॅबसाठी बीएमडब्ल्यू ऑथोरायझेशन (बायोमेडिकल वेस्ट, म्हणजे दवाखान्याच्या कचऱ्याची परवानगी): नागपुरात अर्ज कसा करायचा, कागदपत्रं कोणती लागतात

धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या हॉस्पिटलांकडे या कामाला वेगळा माणूस असतो. हे सांगून राहिले ते एक खुर्चीचं डेंटल क्लिनिक, छोटी लॅब, गल्लीतला दवाखाना चालवणाऱ्यांसाठी, कारण आमची लॅब उघडली तेव्हा मला कोणी नीट सांगितलं नव्हतं आणि दोनदा अर्ज परत आला.

आधी कोणाला लागतं ते. बायोमेडिकल कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, त्यात दवाखाना, लॅब, ब्लड बँक, आयुर्वेद-होमिओपॅथी, जनावरांचा दवाखाना, रक्तदान शिबिर, शाळेची फर्स्ट एड रूमसुद्धा येते. "आमच्याकडे कचराच किती निघतो" हे कारण चालत नाही, दिवसाला दोन सुया निघाल्या तरी परवानगी लागते. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांना अर्ज नाही, पण ती सुई उघडी टाकू नका, जाड डब्यात बंद करून घंटागाडीवाल्याला सांगून वेगळी द्या.

आता मुख्य फरक. बेड नसतील तर ऑथोरायझेशन एकदाच घ्यायचं, आणि पूर्ण कागदांसह अर्ज दिल्यावर ९० दिवसांत प्रदूषण नियंत्रण मंडळाने (बोर्डाने) हरकत घेतली नाही तर मिळालं असं धरतात. बेड असतील तर प्रदूषण बोर्डाच्या कन्सेंटसोबत (पाणी-हवा प्रदूषणाच्या कायद्यांखालची संमती) ते जोडलेलं असतं, मुदत संपली की रिन्यू करावं लागतं. दुपारी सलाइन लावायला दोन खाटा ठेवल्या असतील तर त्या लपवू नका, इन्स्पेक्शनला आल्यावर दिसतातच.

अर्ज ऑनलाइन, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर, अडलं तर सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात त्यांचं ऑफिस आहे. पण फॉर्मच्या आधी कचरा उचलणाऱ्या अधिकृत सुविधेशी करार करा. ७५ किलोमीटरच्या आत अशी सुविधा असेल तर स्वतःकडे जाळायची-पुरायची परवानगीच नसते, आणि नागपुरात ती आहे. माझा पहिला अर्ज यावरूनच परत आला, करारावर लॅबचं नाव वेगळं आणि फॉर्मवर वेगळं होतं. स्पेलिंगसुद्धा एकच ठेवा बरं का.

फॉर्म दोन नंबरचा. त्यात जागेचं जीपीएस लोकेशन, बेड, महिन्याचे पेशंट आणि प्रत्येक रंगाचा कचरा दिवसाला किती किलो हे विचारतात. अंदाजे आकडा टाकू नका, आठवडाभर काट्यावर वजन करून लिहून ठेवा, पुढे दरवर्षीच्या रिपोर्टात तोच आकडा पाठीमागे लागतो. सोबत डॉक्टरचं कौन्सिल रजिस्ट्रेशन, जागेचा पुरावा म्हणजे भाडेकरार किंवा टॅक्स पावती, कराराची कॉपी, स्टाफच्या ट्रेनिंगची नोंद. बेड असले तर नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन आणि कन्सेंट. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं करा, माझा दुसरा अर्ज पुसट भाडेकरारामुळेच अडकला.

कागद झाले म्हणजे काम झालं असं नाही, खरं काम डब्यापाशी आहे. पिवळ्यात रक्ताचा कापूस, ड्रेसिंग, एक्सपायरी औषधं. लालमध्ये प्लास्टिक, म्हणजे सलाइनची नळी, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज. सुया-ब्लेड सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, काचेच्या व्हायल निळ्या खुणेच्या डब्यात. पिशवीवर बारकोड हवा आणि ४८ तासांच्या वर कचरा ठेवायचा नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात तर एका दिवसातच खोलीत उभं राहवत नाही.

लॅबवाल्यांनो, तुमचं एक जास्तीचं काम. रक्ताचे सॅम्पल आणि कल्चर प्लेटा (जंतू वाढवून बघायच्या प्लेटा) तशाच द्यायच्या नाहीत, आधी आपल्याकडेच निर्जंतुक करायच्या. आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने जंतू मारायचं मशीन) चालणाऱ्या पिशवीत भरून १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, ६० मिनिटं ठेवतो, वेळ तापमान गाठल्यावर मोजायची, स्विच लावल्यापासून नाही. पिशवीला लावलेल्या इंडिकेटर टेपवरचे पट्टे काळे झाले म्हणजे उष्णता पोचली एवढंच कळतं, जंतू मेले का हे स्पोअर स्ट्रिपच (चिवट जिवाणूंचे बीजाणू असलेली पट्टी) सांगते, म्हणून तीही नियमित लावा आणि रिझल्ट रजिस्टरला चिकटवा. रेकॉर्ड ५ वर्षं, आणि वार्षिक रिपोर्ट दरवर्षी ३० जूनच्या आत.

स्टाफला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा तपासणी आणि ट्रेनिंग, हे नियमातच आहे. मी ते आधी फक्त कागदावर करत होते. मग एका पावसाळ्यात आमच्या नव्या मुलीने सुई सिरिंजसकट लाल पिशवीत टाकली, आणि कचरा उचलणाऱ्या गाडीवरच्या पोराने पिशवी तळातून उचलताच त्याच्या तळहातात ती गेली. रक्ताचा एवढासा थेंब होता. साबण-पाण्याने धुतलं, दाबून रक्त काढू दिलं नाही, आणि लगेच सरकारी दवाखान्यात नेलं, कारण एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं जमलं तर २ तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजे. त्याने २८ दिवस गोळ्या घेतल्या. आम्ही घटना रजिस्टरमध्ये लिहिली, वार्षिक रिपोर्टातही दिली, आणि त्या आठवड्यात टेबलाजवळ नीडल कटर बसवला. त्याच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. आजही तोच येतो, पिशवी गाठीला धरून अंगापासून लांब उचलतो.