बोनात्ती स्तंभ

बोनात्ती स्तंभ : फ्रान्समधील शामोनीजवळ, मों ब्लां पर्वतसमूहातील पेती द्रू (३,७३३ मी.) या सुळक्याच्या नैर्ऋत्य अंगाला असलेला ग्रॅनाइटचा उभा स्तंभ. इटालियन गिर्यारोहक वॉल्तेर बोनात्ती (१९३०–२०११) यांनी १९५५ मध्ये एकट्याने त्यावर पहिली चढाई केली, त्यावरून हे नाव पडले. २००५ च्या जूनअखेरीस स्तंभ कोसळला. आल्प्समधील नामांकित चढायांमध्ये त्याची गणना आजही होते, पण ती चढाई आता कोणालाच करता येणार नाही.

बोनात्ती द्रूकडे वळले ते मनःस्ताप घेऊन. १९५४ च्या के-टू शिखरावरील इटालियन मोहिमेत वरच्या तुकडीसाठी ऑक्सिजन नेताना त्यांना आणि हुंझाचे भारवाहक आमीर महदी यांना सुमारे ८,१०० मी. उंचीवर तंबूविना रात्र काढावी लागली होती. सहकाऱ्यांविषयीचा कडवटपणा त्यानंतर मनात राहिला. १७ ते २२ ऑगस्ट १९५५ असे सहा दिवस ते या स्तंभावर होते. चढाईतला सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग वरच्या भागातला आहे. पुढे पकडीविना गुळगुळीत कातळ, डोक्यावर ओव्हरहँग (बाहेर झुकलेला कडा) आणि माघारीचा मार्ग बंद. तेव्हा त्यांनी दोराच्या टोकाला गाठी आणि फासे बांधले आणि तो वरच्या कपाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा फेकला. अखेर दोर अडकला. तो कितपत घट्ट बसला आहे हे पाहायची सोय नव्हती. तरीही त्याच्यावर भार टाकून ते झोका घेत पलीकडे गेले आणि हातांनी दोर चढले. एकट्याने केलेल्या चढायांच्या इतिहासात याच्या तोडीचा क्षण दुसरा क्वचितच सापडेल.

पुढे हा मार्ग अभिजात मानला गेला. कातीव ग्रॅनाइट, लांबच लांब भेगा, तळाच्या घळीत दगडांचा मारा आणि खाली मेर द ग्लास हिमनदी ही त्याची ओळख. १९९० मध्ये फ्रेंच गिर्यारोहक कातरिन देस्तिवेल यांनी एकटीने हा स्तंभ सुमारे चार तासांत चढला. पुढच्याच वर्षी त्यांनी पश्चिम कड्यावर अकरा दिवस राहून स्वतःचा नवा मार्ग काढला. दरडींनी त्याचाही बराचसा भाग नेला.

द्रूची पडझड २००५ मध्ये सुरू झाली नाही. १९५० मध्ये मोठी दरड पडली होती. १९९७ मध्ये सुमारे २७,००० घनमीटर खडक गेला आणि २००३ च्या उन्हाळ्यात आणखी काही. २००५ च्या दरडीत मात्र सुमारे २,६५,००० घनमीटर खडक खाली आला आणि स्तंभच नाहीसा झाला. एवढ्या उंचीवर भेगांमधले बर्फ वर्षानुवर्षे गोठलेले असते आणि खडकाचे तुकडे सांधून धरते. तापमान वाढले की ही पकड सैल होते. उष्णता आत झिरपायला वेळ लागत असल्याने परिणाम उशिराही दिसतो. तरी सगळे खापर उष्म्यावर फोडता येत नाही. हा कडा मुळातच खोल, उभ्या भेगांनी चिरलेला आहे. सह्याद्रीतल्या बेसाल्टच्या सुळक्यांना ही कारणमीमांसा लागू पडत नाही. तिथे कायमचे गोठलेले बर्फच नाही.

गिर्यारोहक आणि प्रवासी यांच्या हौसेचा इथे अनपेक्षित उपयोग झाला. द्रूची छायाचित्रे एकोणिसाव्या शतकापासून घेतली जात होती. लुदोविक रावानेल आणि फिलिप देलीन या संशोधकांनी जुनी-नवी छायाचित्रे ताडून कुठला भाग कधी पडला याचा आराखडा मांडला. त्यात रंगाचीही मदत होते : जुना खडक तांबूस, तर नव्याने उघडा पडलेला करडा-पांढरा. मेर द ग्लासच्या काठावरील मोंतांव्हेर रेल्वे स्थानकावरून ही करडी जखम आजही स्पष्ट दिसते.

सप्टेंबर २०११ मध्ये बोनात्ती यांचे निधन झाले. त्याच शरद ऋतूत या कड्यावरून पुन्हा मोठ्या दरडी पडल्या. तरीही आरोहक द्रूकडे जातच राहिले. २००७ मध्ये दोन फ्रेंच आरोहकांनी, तर २०२१ मध्ये फ्रेंच लष्कराच्या गिर्यारोहण पथकाने या पडझडीच्या भागातून नवे मार्ग काढले. दोन्ही चढाया हिवाळ्यातल्या, म्हणजे सैल दगड गोठून जागच्या जागी राहतात तेव्हाच्या.