घुमट, सिंथेसायझर आणि नऊ मिलिसेकंद

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या घरी माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली) बसून घुमट आरती रेकॉर्ड केली. दोन घुमट (मातीच्या मडक्यावर कातडे ताणलेले तालवाद्य), एक शामेळ (ढोलासारखे वाद्य), कासाळे (झांजा) आणि गाणारे आठ-दहा जण. पुढे दिवाळीच्या सुमारास त्या रेकॉर्डिंगखाली सिंथेसायझरचा (विजेवर आवाज घडवणारे वाद्य, थोडक्यात सिंथ) खर्जातला सूर घालायला बसलो. सूर संगणकावर लिहिले, केबलमधून सिंथला पाठवले आणि सिंथचा आवाज परत संगणकात घेतला. माझा चुलतभाऊ लहानपणापासून घुमट वाजवत आला आहे. त्याने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, “सूर फाटीं पडटा मरे.” सूर मागे पडतो आहे. पडद्यावर तर एकेक सूर थापेच्या बरोबर खाली बसलेला दिसत होता.

पडदा खोटा नव्हता आणि त्याचा कानही. या दोहोंमध्ये हरवलेला वेळ शोधताना मला जे कळले, ते सिंथ आणि संगणक एकत्र वापरू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे.

सुरुवात केबलपासून करू. संगणकातून सिंथकडे जाणाऱ्या त्या केबलमधून आवाज जातच नाही. जाते ती फक्त सूचना: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. या सूचनांच्या भाषेचे नाव मिडी. १९८०च्या आसपास प्रत्येक कंपनीच्या सिंथची भाषा वेगळी होती आणि एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकत नसे. अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ साली सर्वांसाठी एकच भाषा असावी असा प्रस्ताव मांडला. जपानमधल्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी त्याच विचाराचे होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यप्रदर्शनात या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथ, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, एका केबलने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजू लागला. दोघांना २०१३ साली याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळाले. स्पर्धकांनी मिळून ठरवलेली आणि चार दशकांनंतरही चालणारी अशी भाषा तंत्रज्ञानात फार क्वचित सापडते, म्हणून मला या गोष्टीचे मोल वाटते.

ही भाषा निव्वळ आकड्यांची आहे. पट्ट्यांना ० ते १२७ क्रमांक. आपल्याकडे गायक ‘माझी काळी एक’ म्हणतो. मधल्या सप्तकातली ती काळी एक मिडीत ६१. एक सूर वाजवायला तीन आकडे लागतात: काय करायचे आणि कोणत्या चॅनेलवर (एकाच केबलमधल्या वेगवेगळ्या वाटांपैकी कोणत्या), कोणती पट्टी, किती जोर. जुन्या पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका आकड्याला १० बिट लागतात. म्हणजे तीन आकडे पोचायला एक मिलिसेकंदाहून, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून, किंचित कमी वेळ. एका सुरासाठी हे काहीच नाही. पण दोन्ही हातांनी दहा पट्ट्या एकदम दाबल्या, तर त्या सिंथपर्यंत एकदम पोचत नाहीत. एकामागून एक रांगेने जातात, आणि रांगेतल्या शेवटच्या सुराला साडेनऊ मिलिसेकंद लागू शकतात.

खरा वेळ जातो तो आवाजाच्या परतीच्या वाटेवर. सिंथमधून निघालेला आवाज साउंड कार्डात (संगणकात आवाज आत-बाहेर नेणाऱ्या यंत्रात) शिरतो आणि तिथे त्याचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, म्हणजे तितक्या वेळा तो मोजून आकड्यांत उतरवला जातो. संगणक मात्र हे नमुने एकेक करून उचलत नाही. फोंडा-पणजी मार्गावरची खासगी बस जशी आसने भरल्याशिवाय हलत नाही, तसा तो ठराविक नमुने जमेपर्यंत थांबतो. या थांब्याला बफर म्हणतात. बफर ५१२ नमुन्यांचा ठेवला तर बस भरायला ११.६ मिलिसेकंद. आवाज बाहेर स्पीकरकडे जाताना पुन्हा तेवढाच थांबा. दोन्ही मिळून २३ मिलिसेकंद झाले. गोव्याच्या उष्ण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो; त्या हिशेबाने २३ मिलिसेकंद म्हणजे आठ मीटर हवा. सिंथ तुमच्या हाताखाली, पण कानाला तो राजांगणाच्या (घरामधल्या चौकाच्या) पलीकडच्या सोप्यात वाजल्यासारखा.

मग बफर लहान का करू नये? जरूर करावा, १२८ केला तर एका दिशेचा थांबा २.९ मिलिसेकंदांवर येतो. पण बस लवकर सोडायची तर संगणकाला तेवढीच घाई. त्याला ती झेपली नाही की आवाजात टकटक ऐकू येते. म्हणून रेकॉर्ड करताना लहान बफर आणि नंतर मिक्स करताना मोठा, ही रीत पडली आहे. बहुतेक साउंड कार्डांवर सिंथचा आवाज संगणकात न नेता थेट हेडफोनला देण्याचीही सोय असते. ती वापरलीत तर सॉफ्टवेअरमधून येणारा तोच आवाज न विसरता बंद करा. एकच आवाज दहा मिलिसेकंदांच्या अंतराने दोनदा ऐकला, तर ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा पायऱ्यांवर दोन लाटा एकमेकींना मारतात आणि भरीव खर्ज पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. बिघाड सिंथमध्ये आहे असे वाटून माणूस नॉब फिरवत बसतो.

आता चुलतभावाची तक्रार. रेकॉर्ड करताना सॉफ्टवेअर साउंड कार्डाच्या थांब्याचा हिशेब ठेवते आणि आवाज तेवढा आधीच्या जागी सरकवून ठेवते. जे त्याला ठाऊक नसते ते म्हणजे सूचना सिंथपर्यंत जायला लागलेला वेळ आणि ती वाचून आवाज काढायला सिंथच्या आतल्या प्रोसेसरला लागलेला वेळ. मी मोजून पाहिले. सिंथवर टिचकीसारखा तोकडा आवाज लावला, सॉफ्टवेअरमध्ये बरोबर मात्रेवर एक सूर लिहिला, तो बाहेर पाठवून आलेला आवाज रेकॉर्ड केला आणि पडद्यावर मोठा करून नमुने मोजले. मात्रेपासून ४१२ नमुने उशीर, म्हणजे नऊ मिलिसेकंदांहून थोडा जास्त. त्यातून मी निवडलेला खर्जाचा आवाज हळूहळू उमलणारा होता, त्यामुळे कानाला उशीर आणखी वाटत होता. घुमटाची थाप टोकदार असते. तिच्या शेजारी ढिला सूर लपत नाही.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचे वाद्य जोडताना त्या वाद्याचा उशीर लिहायला जागा असते. तिथे आकडा भरला की सॉफ्टवेअर सगळे जुळवून घेते.  मात्र हे एकदा मोजून भागत नाही. मी दहा वेळा मोजले तेव्हा आकडे एकमेकांजवळ होते. तोच सिंथ यूएसबी हबमधून जोडला तेव्हा ते इकडेतिकडे पसरले. ठराविक उशीर वजा करता येतो, दर वेळी बदलणारा उशीर वजा करता येत नाही. सिंथची केबल थेट संगणकात लावा, असे अनुभवी लोक सांगतात ते याचसाठी.

केबलवरून आणखी एक गोष्ट, कारण तिचा त्रास मी बरेच महिने काढला. यूएसबीने सिंथ जोडला की स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज येऊ लागे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. यूएसबीची एक वाट आणि ऑडिओ केबलची दुसरी, अशा दोन वाटांनी सिंथ आणि संगणक यांची अर्थिंग जोडली गेली की तारांचे एक कडे तयार होते आणि विजेची गुणगुण त्यात शिरते. जुन्या पाच पिनांच्या मिडीत ही अडचण नाही, कारण त्यात सूचना प्रकाशातून पलीकडे जाते: एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा तुकडा, मध्ये विजेचा जोड नाही. चाळीस वर्षांपूर्वी हा विचार केला गेला होता! यूएसबीच वापरायची असेल तर ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (विजेचा थेट जोड तोडून आवाज पुढे देणारी छोटी पेटी) लावावा आणि सगळी यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. गुणगुण थांबेल, पण बिघाड झाला तर वीज तुमच्या हातातून जमिनीत जाईल.

उशीर गेला तरी काम पुरे झाले नव्हते. गोव्यात सिंथेसायझर म्हटले की लोकांना हणजूण आठवते, १९९०च्या दशकातला गोवा ट्रान्स, म्हणजे तिथल्या पार्ट्यांतले नृत्यसंगीत, आठवतो. उन्हाने तबकड्या वाकत म्हणून तिथे डिजिटल टेपवर संगीत वाजवले जाई. त्या संगीताचा पाया म्हणजे यंत्राची न हलणारी लय. घुमट आरतीचे तसे नाही. ती संथ सुरू होते आणि चढत जाते. आमची आरती मिनिटाला ८४ मात्रांवर सुरू होऊन १२६ला संपली होती, आणि ती चढण सरळ रेषेत नव्हती. कडव्याच्या शेवटी लय थोडी रेंगाळे आणि मग उसळे.

मिडीमध्ये तालाचीही सूचना असते. एका मात्रेला २४ ठोके, १२० मात्रांच्या लयीत सेकंदाला ४८. या ठोक्यांत लय कितीची आहे हे लिहिलेले नसते, सिंथ दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून ते ओळखतो. संगणकाने अंतर बदलले की सिंथची लय त्याच क्षणी बदलते. म्हणून मी उलट दिशेने गेलो. घुमटाला यंत्राच्या क्लिकवर बसवले नाही. रेकॉर्डिंगमधली प्रत्येक मात्रेची थाप शोधून सॉफ्टवेअरच्या रेघा तिथे नेऊन ठेवल्या. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. मग संगणकाचे घड्याळ घुमटाबरोबर चढू लागले आणि सिंथ त्या घड्याळाच्या मागून.

शेवटचा भाग सुरांच्या पोताचा. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके. २०१९ साली तो गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाला. मोठ्या तोंडावर कातडे, धाकटे तोंड उघडे. उजव्या हाताने थाप आणि डाव्या तळव्याने धाकट्या तोंडाची उघडझाप. तोंड झाकत नेले की आतल्या हवेचा नाद खाली उतरतो, उघडले की वर चढतो. सिंथचा फिल्टरही असाच आवाजातला एखादा पट्टा उचलून खालीवर नेतो. मला खर्ज घुमटाबरोबर असा श्वास घेणारा हवा होता. पण मिडीतून नॉब फिरवला की त्याला १२८च पायऱ्या, आणि संथ फिरवताना त्या ऐकू येतात. २०२० साली आलेल्या मिडी २.० मध्ये ही मर्यादा उरलेली नाही, माझा सिंथ मात्र जुना. मी फिल्टर हाताने फिरवला आणि आवाज तसाच रेकॉर्ड केला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मींडेला ही अडचण नाही, तिच्या सूचनेला १६,३८४ पायऱ्या आहेत. फक्त ती अख्ख्या चॅनेलला लागू होते. षड्ज धरून त्यावर मींड घ्यायची तर दोन्ही वेगवेगळ्या चॅनेलवर ठेवावे लागतात, नाहीतर षड्जही सरकतो.

पुन्हा ऐकवले तेव्हा चुलतभावाने डोळे मिटले नाहीत. कडवे चढू लागले तसा त्याचा उजवा हात खुर्चीच्या हातावर पडू लागला आणि डावा तळवा हवेतच उघडझाप करू लागला. खर्ज थोडा कमी कर म्हणाला, तेवढा केला.