३६० अंश आणि बॅबिलोनचं ‘चुकलेलं’ वर्ष

‘बॅबिलोनचे लोक वर्ष ३६० दिवसांचं समजत, म्हणून वर्तुळाचे अंश ३६०’ ही माहिती वर्षानुवर्षं फिरते आहे. यातली पहिली गोष्टच चूक आहे.

त्यांचा महिना संध्याकाळी नवी चंद्रकोर दिसली की सुरू व्हायचा. २९ दिवसांचा, नाहीतर ३० चा. असे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. ऋतूंशी मेळ बसेना की अधिक महिना, आपल्या पंचांगात असतो तसाच. इ.स.पू. १८ व्या शतकात राजा हम्मुराबीने सिन-इद्दिनम या अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र मातीच्या पाटीवर टिकून आहे: यंदा एक महिना जास्त आहे, येणाऱ्या महिन्याची नोंद ‘दुसरा उलूलु’ अशी करा (उलूलु हे त्यांच्या एका महिन्याचं नाव). आणि त्यापुढच्या तश्रीतु महिन्यात भरायचा कर? तो या दुसऱ्या उलूलुतच पोचता करा! महिना वाढला, वसुलीची मुदत नाही. पुढे १९ वर्षांत ७ अधिक महिने असा नियमच ठरला.

३० दिवसांचा महिना होता, पण हिशेबाच्या सोयीसाठी. व्याज काढताना आपल्याकडेही असा धरतात. अंशांचं मूळ मुख्यतः वेळेच्या मापात आहे. दिवस-रात्रीचे १२ ‘बेरु’, प्रत्येकाचे ३० ‘उश’, एकूण ३६०. एक उश म्हणजे आपली चार मिनिटं, आणि तेवढ्यात आकाश जवळपास एक अंश सरकतं. राशीही १२, प्रत्येकी ३० भागांच्या. ग्रीकांनी ३६० अंश उचलले ते इथूनच.