फिरत्या बरणीतलं तेल-पाणी: खड्डा कुणाचा खोल?

पाण्यावर तेल ओतून बरणी फिरवली, की जड पाण्यात खोल खड्डा पडतो आणि हलक्या तेलात उथळ, असं बेळगाव-निपाणीकडे विज्ञान प्रदर्शनांत हमखास ऐकू येतं. ते चूक आहे. बरणी आणि दोन्ही थर एकाच वेगाने फिरू लागले, की तेलाचा पृष्ठभाग आणि मधली सीमा यांचा बाक अगदी सारखा असतो. जड द्रवाला बाहेर ढकलणारा जोर जास्त खरा, पण त्याचं वजनही त्याच पटीत जास्त. त्यामुळे घनतेचा हिशेबच उरत नाही. उरतात वेग आणि त्रिज्या.

करून बघायला खानापूरकडच्या कुंभाराचं विजेवरचं चाक झकास. आतून 10 सेंमी व्यासाची सरळ काचेची बरणी, 5 सेंमी रंगीत पाणी, वर 3 सेंमी शेंगदाण्याचं तेल. मिनिटाला 60 फेऱ्यांना मध्य आणि कड यांत 5 मिमी फरक पडतो, 120 ला 2 सेंमी. वेग दुप्पट, खड्डा चौपट. बरणी बरोबर मध्यावर बसवा, नाहीतर वाटी एका बाजूला कललेली दिसते. दोन-तीन मिनिटं थांबल्याशिवाय मोजू नका. घाई इथेच नडते. चाक एकदम थांबवलं तर सीमेवर तेलाचे थेंब सुटतात आणि पाणी गढुळतं.

दोन्ही बाक वेगळे दिसतात, ते फक्त चमच्याने ढवळल्यावर, आणि तेही गैरसमजाच्या उलटे. बरणी स्थिर ठेवून फक्त वरचं तेल ढवळलं, तर तेलाला खड्डा पडतो, पण खालचं पाणी मध्यभागी चक्क फुगून वर येतं.