गोरा–गांधी संवाद

गोरा–गांधी संवाद : आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोपराजू रामचंद्र राव ऊर्फ गोरा (१९०२–७५) आणि महात्मा गांधी यांच्यात ईश्वर, नीती व समाजकार्य यांविषयी झालेला पत्रव्यवहार आणि प्रत्यक्ष चर्चा. आरंभ १९३० मधल्या एका पत्राने झाला. नोव्हेंबर १९४४ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात दोघे समोरासमोर बसले. गांधीजींच्या हत्येनंतर सहा आठवड्यांनी त्याच आश्रमात एक लग्न लागले, आणि या संवादातून काय निष्पन्न झाले हे पाहायचे तर त्या लग्नाकडेच पाहावे लागते. नास्तिकाने आस्तिकाशी आदराने बोलणे म्हणजे आपले मत मवाळ करणे, असा समज आजही आढळतो. गोरांनी आपले मत कधीच मवाळ केले नाही, म्हणून हे उदाहरण मोलाचे आहे.

गोरांचा जन्म ओडिशातील छत्रपूरचा, तेलुगू ब्राह्मण कुटुंबातला. मद्रासला वनस्पतिशास्त्रात एम. ए. करून त्यांनी मदुराई, कोलंबो, काकीनाडा, मच्छलीपट्टणम येथील महाविद्यालयांत शिकवले. काकीनाडा आणि मच्छलीपट्टणम या दोन्ही ठिकाणची नोकरी निरीश्वरवादी विचार उघड मांडल्यामुळे गेली. पत्नी सरस्वती यांचा विवाह दहाव्या वर्षी झाला होता. गरोदर बाईने ग्रहण पाहू नये, ही समजूत मोडायला त्या स्वतः गरोदर असताना ग्रहण पाहायला उभ्या राहिल्या. हे जोडपे घरात बसून देव नाकारणारे नव्हते. १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी त्यांनी नास्तिक केंद्र सुरू केले, पौर्णिमेच्या रात्री सर्व जातींची सहभोजने घातली, प्रौढांना अक्षरओळख दिली आणि ‘छोडो भारत’ आंदोलनात दोघांनीही तुरुंगवास भोगला. १९४७ मध्ये केंद्र विजयवाड्याला हलले आणि आजही तेथेच आहे.

गांधीजींचे नास्तिकांविषयीचे मत आधीपासून फारसे अनुकूल नव्हते. लंडनमध्ये कायदा शिकत असताना, १८९१ मध्ये, ते प्रसिद्ध निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या अंत्यविधीला गेले होते. परतताना स्टेशनवर एक नास्तिक एका पाद्र्याला ‘तुमचा देव केवढा आणि राहतो कुठे’ असे विचारून कोंडीत पकडू पाहत होता. तो प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवला आहे, आणि त्या बोलण्याने नास्तिकतेविषयीची आपली नावड वाढलीच, असेही नोंदवले आहे. पाद्र्याने शांतपणे उत्तर दिले होते की देव आपल्या दोघांच्याही हृदयात राहतो. वाद घालणाऱ्याला उत्तर नकोच होते, समोरच्याची फजिती हवी होती. अर्ध्या शतकानंतर आलेल्या गोरांची रीत नेमकी याच्या उलट होती.

ईश्वर या शब्दाचा आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ काय, असे गोरांनी १९३० मध्ये पत्राने विचारले. ईश्वर मानवी आकलनापलीकडचा आहे, असे त्रोटक उत्तर आले. १९४१ मध्ये गोरांनी आपल्या कामाची माहिती देऊन भेट मागितली, तेव्हाचे उत्तर अधिक कठोर होते : निरीश्वरवाद म्हणजे आत्म्याचा नकार. त्याच्या प्रसारात आजवर कोणाला यश आलेले नाही. तुम्हाला मिळालेले यश तुमच्या प्रामाणिक सेवेचे आहे, आणि चर्चेसाठी माझ्याकडे वेळ नाही. भेट नाकारणाऱ्या या पत्रातच पुढच्या मैत्रीची खूण होती. गांधीजींना मत पटले नाही, पण काम दिसले होते.

तीन वर्षांनी भेट झाली, तेव्हा देव नसलेल्या माणसाशी मी काय बोलणार, असे म्हणून गांधीजींनीच सुरुवात केली. दोघेही हसले. गोरांनी तेथेच एक भेद स्पष्ट केला. देव नाही असे नुसते म्हणणे नकारात्मक असते. निरीश्वरवाद मात्र त्या नकारानंतर माणसाच्या वाट्याला येणारी अवस्था सांगतो, आणि ती अवस्था म्हणजे आत्मविश्वास व इच्छास्वातंत्र्य. वादाचा विषय त्यामुळे क्षणात बदलला. देव आहे की नाही हा प्रश्न मागे पडला आणि देव मानल्याने किंवा न मानल्याने माणूस कसा वागतो, हा पुढे आला. गांधीजींना हीच भाषा कळत होती.

गोरांनी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा दाखला दिला. कलकत्त्याच्या रस्त्यांवर उपाशी माणसे मरून पडताना त्यांनी पाहिली होती, आणि ती पडत होती मिठाई व फळे मांडलेल्या दुकानांच्या शेजारी. भुकेलेली माणसे अन्नाकडे हात का नेत नाहीत? त्यांच्या मते उत्तर श्रद्धेत होते : मरणारा याला नशीब समजतो आणि दुकानदार त्याला देवाची इच्छा समजतो. माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहिला, तर दोघांनाही असे वागता येणार नाही. देवावर विसंबण्याची सवय आणि हिंदू-मुसलमान ही लेबले सुटली, तरच अस्पृश्यता मुळापासून जाईल, असा त्यांचा दावा होता. दुष्काळाला इतरही कारणे होती आणि सगळा दोष नशीबवादावर टाकता येत नाही, हे खरे. पण देवाधर्मावरच्या चर्चेत उपाशी माणूस मध्यभागी ठेवणे हे गोरांचे मोठेपण आहे.

गांधीजींनी हे शांतपणे ऐकून घेतले. आपला आस्तिकवाद बरोबर आणि तुमचा निरीश्वरवाद चूक, असे मी म्हणू शकत नाही; आपण दोघेही सत्याचे शोधक आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पुढे कोणाची चूक झाली हे परिणाम सांगतील. मग मी तुमच्या वाटेने येईन, किंवा तुम्ही माझ्या, किंवा दोघेही तिसऱ्याच वाटेने जाऊ. तोपर्यंत तुमचे काम करत राहा, पद्धत वेगळी असली तरी मी मदत करीन. पंचाहत्तर वर्षांच्या, आयुष्यभर रामनाम घेतलेल्या माणसाने नास्तिकाला दिलेले हे आश्वासन आहे, आणि ते त्यांनी पाळले. ‘ईश्वर सत्य आहे’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर आहे’ असे गांधीजी १९३१ पासून म्हणू लागले होते, कारण नास्तिकही सत्य नाकारत नाही. गोरांसारख्या माणसाला आत येता यावे एवढे दार त्यांनी आधीच उघडे ठेवले होते.

परीक्षा लग्नाच्या वेळी झाली. गोरांनी थोरली मुलगी मनोरमा हिचा विवाह अर्जुनराव या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील तरुणाशी ठरवला. गांधीजी तोवर सवर्ण–हरिजन विवाहांनाच हजर राहण्याचा निश्चय करून बसले होते, त्यामुळे त्यांना आनंद झाला. मुलगी लहान असल्याने दोन वर्षे थांबण्याचा सल्ला त्यांनी दिला आणि विवाह सेवाग्रामलाच करू, असे सांगितले. मात्र आश्रमातल्या विधीत ईश्वराचे नाव येत होते आणि गोरांना ते मान्य होणे शक्य नव्हते. गांधीजींनी ‘ईश्वर’ या शब्दाच्या जागी ‘सत्य’ हा शब्द घालण्याचे मान्य केले. विधी राहिला, साक्ष राहिली, फक्त जे नाव घेतल्याने एका माणसाला खोटे बोलल्यासारखे झाले असते, ते बाजूला ठेवले गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. १३ मार्च १९४८ रोजी सेवाग्रामच्या आश्रमवासीयांनी ठरल्याप्रमाणे, सत्याच्या नावाने, हे लग्न लावले. गांधीजींनंतर काय, याचा विचार करायला देशभरातले कार्यकर्ते त्याच दिवसांत सेवाग्रामला जमले होते.

या संवादात कोणी कोणाला जिंकले नाही, आणि तसे दाखवण्याचा मोह दोन्ही बाजूंच्या भक्तांनी टाळायला हवा. गोरा शेवटपर्यंत निरीश्वरवादीच राहिले. गांधीजींची प्रार्थना एक दिवसही थांबली नाही. गोरांचे पुढचे सगळे कार्यक्रम मात्र कोणाला न दुखावणारे होते, असे नाही. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी विजयवाड्यात त्यांनी गोमांस आणि डुकराचे मांस एकत्र खाण्याचा जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. हिंदू आणि मुसलमान दोघांचेही निषिद्ध त्यांनी एकाच पंगतीत मांडले होते. आदर म्हणजे निषिद्धाला हात न लावणे नव्हे, ही त्यांची भूमिका होती. ती सर्वांना पटण्यासारखी नाही. पण एकाच धर्माला वेगळे काढून त्यांनी ती मांडली नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

सेवाग्रामशी नाते टिकले. पक्षविरहित लोकशाहीचा पुरस्कार करण्यासाठी गोरांनी १९६१–६२ मध्ये सेवाग्राम ते दिल्ली अशी पदयात्रा काढली. गांधीजींबरोबरच्या या चर्चांचा वृत्तांत गोरांनीच इंग्रजीत लिहिला आणि तो १९५१ मध्ये अहमदाबादच्या नवजीवन या गांधीजींच्याच प्रकाशनसंस्थेने छापला. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी जन्मला म्हणून गोरांनी मुलाचे नाव ‘लवणम’ ठेवले होते. तोही वडिलांसारखाच नास्तिक. भूदान यात्रेत आंध्रात विनोबा भावे बोलत, तेव्हा गीता आणि उपनिषदांत मुरलेले त्यांचे बोलणे लवणम गावोगावच्या लोकांना तेलुगूत सांगत असत.