कँटरबरीच्या मठाचे नळ आणि नोंदी

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात बाराव्या शतकातलं एक भलंमोठं स्तोत्रांचं पुस्तक आहे. एडविन नावाच्या लेखनिकावरून ते ओळखलं जातं. प्रत्येक स्तोत्राचे लॅटिनमधले तीन पाठ शेजारी शेजारी, ओळींच्या मधे बारीक अक्षरात जुन्या इंग्रजीतला आणि नॉर्मन फ्रेंचमधला अर्थ, आणि जोडीला चित्रं. इतक्या निगुतीने केलेल्या या ग्रंथाच्या अगदी शेवटी, समोरासमोरची दोन पानं व्यापून, एक वेगळंच चित्र येतं. तो नळांचा नकाशा आहे.

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात कँटरबरी हे गाव आहे. तिथल्या ख्राइस्ट चर्च या बेनेडिक्टिन मठाचा हा नकाशा ११६० च्या सुमाराला काढला गेला. त्याच्या तोडीचा तपशील असलेलं त्या काळातलं दुसरं नळचित्र सापडणं कठीण. झरा कुठे, गाळ कुठे बसवायचा, कोणता नळ कुठे वळतो, सांडपाणी कुठे जातं, सगळं रंगीत रेघांनी दाखवलेलं. भिंती, कमानी, छपरं मात्र वरून पाहिल्यासारखी न काढता आडवी पाडून समोरून दिसतील तशी काढली आहेत. त्यामुळे एकाच चित्रात नकाशाही मिळतो आणि इमारतींचे दर्शनी भागही.

ज्याच्या नावावरून हे मठवासी बेनेडिक्टिन, त्या संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात इटलीत मठजीवनाची नियमावली लिहिली. तिची ७३ छोटी प्रकरणं आहेत. ६६ व्या प्रकरणात तो सांगतो की मठ शक्यतो असा बांधावा की पाणी, गिरणी, बाग या गरजेच्या गोष्टी आवारातच मिळतील आणि मठवासीयांना बाहेर फिरावं लागणार नाही. ३६ व्या प्रकरणात आजाऱ्यांना जरूर पडेल तेव्हा स्नान मिळावं अशी आज्ञा आहे. धडधाकट तरुणांना मात्र ते क्वचितच. कँटरबरीचे नळ मला या दोन प्रकरणांचं शिसं-दगडात केलेलं भाषांतर वाटतात.

कँटरबरीच्या या मठाला ‘प्रायरी’ म्हणतात, ते का हेही सांगायला हवं. स्वतंत्र मठाचा प्रमुख म्हणजे ॲबट, आणि त्याच्या खालचा अधिकारी प्रायर. कँटरबरीचं चर्च हे आर्चबिशपचं, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूचं, कॅथीड्रल (मुख्य चर्च) होतं, त्यामुळे नावापुरता ॲबट खुद्द आर्चबिशप. रोजचा कारभार प्रायरच्या हाती, म्हणून ती प्रायरी. इसवी सन ५९७ मध्ये ऑगस्टीन हा ख्रिस्ती धर्मप्रचारक रोमहून इथे आला तेव्हापासून या जागेला महत्त्व आलं. १०६७ साली जुनं कॅथीड्रल जळालं. १०७० मध्ये आर्चबिशप झालेल्या लॅनफ्रँकने ते नव्याने उभं केलं आणि मठाची शिस्तही नव्याने बसवली. नळांचं काम झालं ते विबर्ट या प्रायरच्या काळात, ११५३ ते ११६७ च्या दरम्यान.

मठापासून सुमारे सव्वा किलोमीटरवर, ईशान्येला, थोड्या उंचावर झरे होते. त्यांचं पाणी आधी एका गोल टाकीघरात यायचं आणि तिथून शिशाच्या नळाने निघायचं. वाटेत शेत, द्राक्षमळा, फळबाग आणि एकापाठोपाठ एक पाच हौद. गढूळ पाणी रात्रभर हंड्यात ठेवलं की माती तळाशी बसते आणि वरचं पाणी निवळतं, हे घरोघरी माहीत असतं. हे हौद त्याच तत्त्वावर चालायचे. अरुंद नळातून रुंद हौदात आल्यावर पाण्याचा वेग पडतो, सोबतचे कण वाहून नेण्याची ताकद जाते आणि ते खाली बसतात. साठलेला गाळ धुऊन काढायला हौदांना वेगळी वाट ठेवली होती. आजच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळ बसवणारा जो टप्पा असतो, तोच इथे आठशे साठ वर्षांपूर्वी होता.

तिथून नळ शहराच्या तटबंदीखालून आवारात शिरायचा आणि रुग्णालयाजवळच्या जलमनोऱ्यात पाणी वर चढायचं. पंपाशिवाय ते वर कसं जाई? दोन भांडी खालून नळीने जोडली तर दोन्हींतलं पाणी एकाच पातळीला येऊ पाहतं. झरा उंचावर असल्यामुळे बंद नळातलं पाणी सखल भागातून गेलं तरी पुन्हा वर चढू शकतं. घर्षणात जेवढी उंची खर्च होते तेवढीच कमी. मनोऱ्यातल्या उंच कुंडातून ते पुढे वाटलं जाई. भोजनगृहासमोर हात धुण्याच्या कुंडाकडे, स्वयंपाकघराकडे, पावाच्या भट्टीकडे, बिअर बनवण्याच्या जागी, स्नानगृहाकडे आणि मासे ठेवायच्या तळ्याकडे. नकाशातली एक बारीक नोंद मला सगळ्यात आवडते. विहिरीशेजारी एक खांब काढलेला आहे आणि त्यावर लिहिलंय की झऱ्याचं पाणी बंद पडलं तर विहिरीचं पाणी उपसून या खांबात ओतावं, म्हणजे ते सगळ्या ठिकाणी पोचेल. एखादा दिवस पाणी येणार नाही हे गृहीत धरून आखणी करणारा माणूस खरा अभियंता!

शिशाच्या नळांबद्दल आज मनात शंका येतेच, कारण शिसं विषारी असतं. पण केंट हा खडूच्या खडकाचा प्रदेश. अशा भागातलं क्षारांचं पाणी नळाच्या आतून कॅल्शियम कार्बोनेटचा थर चढवतं आणि शिसं पाण्यात उतरणं बरंच कमी होतं. धोका संपत नाही, पण आटोक्यात राहतो.

वापरलेलं पाणी आणि छपरांवरचं पावसाचं पाणी शेवटी एकाच ठिकाणी वळवलं होतं, ते म्हणजे शौचालयाकडे. नकाशात त्याचं नाव ‘नेसेसेरियम’ आहे, म्हणजे गरजेची जागा. सुमारे ४४ मीटर लांब, साडेसात मीटर रुंद दालन, ५५ बैठका, आणि खालून टोकापासून टोकापर्यंत वाहणारं पाणी. स्वच्छ पाणी आधी पिण्याला आणि स्वयंपाकाला, मग तेच मैला वाहून न्यायला. पाण्याचा थेंब दोनदा कामी लावायचा हा विचार आजही आपल्या शहरांना झेपलेला नाही.

या मठात सगळं लिहून ठेवायची सवय होती, आणि म्हणूनच आज त्यांच्या नोंदी विज्ञानाच्या कसोटीवर घासून बघता येतात. सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे जर्व्हेस नावाचा मठवासी. इथला आर्चबिशप थॉमस बेकेट याचा कॅथीड्रलमध्ये खून झाला २९ डिसेंबर ११७० ला. त्यानंतर चार वर्षं होत आली होती. ५ सप्टेंबर ११७४ ला मठाच्या दरवाजाबाहेरच्या तीन झोपड्या पेटल्या. लोकांनी ती आग विझवली, पण दक्षिणेच्या सोसाट्याच्या वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या कॅथीड्रलच्या छपरावरच्या शिशाच्या पत्र्यांच्या सांध्यांतून आत शिरल्या. वर शिसं, खाली रंगवलेलं छत, मधे कुजत आलेली लाकडं. आग आतल्या आत पसरली आणि बाहेर दिसली तेव्हा उशीर झाला होता. शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं, तुळया पेटल्यावर त्या छपराचं काय होणार हे ठरलेलंच होतं.

जर्व्हेस सांगतो की रुग्णालय आणि त्याचं प्रार्थनागृहही जळलं. रुग्णालयाच्या उभ्या असलेल्या कमानींचे दगड पाहा. काहींवर तांबूस-गुलाबी झाक आहे. चुनखडीत लोहाची पिवळसर संयुगं किंचित प्रमाणात असतात. दगड अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापला की त्यांच्यातलं पाणी निघून जातं आणि लाल हेमेटाइट उरतं. हा बदल कायमचा असतो. साडेआठशे वर्षं पाऊस झेलूनही तो रंग धुतला गेलेला नाही.

आगीनंतर सेन्सचा विल्यम हा फ्रेंच स्थपती आला आणि टोकदार कमानींची नवी शैली त्याने इथे आणली. ११७८ मध्ये तो पंधरा मीटर उंचीच्या परांचीवरून पडला. काही काळ त्याने बिछान्यावरून काम चालवलं, पुढे दुसऱ्या एका विल्यमने, हा इंग्लिश, ते ११८४ पर्यंत पुरं केलं. त्यानंतरच्या खिडक्यांत येशूच्या पूर्वजांची रंगीत काचचित्रं बसली. यातली काही चित्रं शैलीवरून जुनी वाटतात, असं मॅडलिन कॅव्हिनेस या कला-इतिहासकार १९८० च्या दशकातच म्हणाल्या होत्या. २०२१ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ते तपासलं. हातात धरण्याजोग्या यंत्रातून काचेवर क्ष-किरण सोडले की काचेतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडतं. काचेचे तुकडे सांधणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांमुळे यंत्र काचेला नीट टेकत नव्हतं, तर त्यांनी त्रिमितीय छपाईने खास जोडभाग बनवला. काच खिडकीतून उतरवावीही लागली नाही. निष्कर्ष असा की काही आकृत्या ११३० ते ११६० च्या काळातल्या आहेत. म्हणजे त्या आगीतून वाचल्या आणि नव्या भिंतींत पुन्हा बसवल्या गेल्या.

जर्व्हेसची प्रत्येक नोंद मात्र अशी खरी उतरली नाही. १८ जून ११७८ च्या संध्याकाळी पाच-सहा माणसांनी चंद्रकोरीचं वरचं टोक दुभंगताना पाहिलं, मधून मशालीसारखी ज्वाला, निखारे, ठिणग्या उडाल्या आणि चंद्र घायाळ सापासारखा तळमळला, असं त्याने लिहून ठेवलंय. १९७६ मध्ये जॅक हार्टुंग या भूवैज्ञानिकाने सुचवलं की चंद्रावर उल्का आदळून जिओर्दानो ब्रुनो हे २२ किलोमीटर व्यासाचं विवर तयार झालं, ते याच संध्याकाळी. कल्पना इतकी मोहक होती की ती बरीच वर्षं टिकली. २००१ मध्ये पॉल विदर्स या संशोधकांनी हिशेब मांडला. एवढं विवर झालं असतं तर सुमारे एक कोटी टन धूळ-दगड पृथ्वीकडे आले असते आणि आठवडाभर उल्कांचा असा वर्षाव झाला असता की जगातल्या एकाही बखरकाराच्या नजरेतून तो सुटला नसता. तशी नोंद कुठेच नाही. पुढे जपानच्या कागुया यानाच्या चित्रांतून त्या विवराच्या आसपासची छोटी विवरं मोजली गेली. जागा जितकी जुनी, तितके तिच्यावर खड्डे जास्त, हे ते गणित. वय निघालं दहा लाख ते एक कोटी वर्षं. बहुधा चंद्राच्या अगदी समोर आपल्याच वातावरणात एखादी उल्का जळाली असावी. जर्व्हेसने ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहिलं, ज्यांनी पाहिलं त्यांनीही खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आता पाण्याकडे पुन्हा येऊ. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये या मठात फक्त चार मृत्यू झाले असं नेहमी सांगितलं जातं आणि त्याचं श्रेय नळांना दिलं जातं. हे श्रेय मला पटत नाही. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतल्या सांगाड्यांच्या जनुकीय तपासणीतून २०११ मध्ये त्या साथीच्या जिवाणूचा संपूर्ण आराखडा मिळाला. तो येर्सिनिया पेस्टिसच होता. हा जिवाणू पिसवांमधून पसरतो, फुप्फुसांत शिरला तर खोकल्यातून. निवळलेलं पाणी त्याला अडवत नाही. हगवण, विषमज्वर यांना ते अडवतं, आणि तेही कमी नव्हे.

स्वच्छ पाणी सगळ्या रोगांना अडवत नाही, हे मठाच्याच मृत्युनोंदी दाखवतात. इतिहासकार जॉन हॅचर यांनी १३९५ ते १५०५ या काळातल्या नोंदींवरून मठवासीयांचं आयुर्मान काढलं आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी, आजारपणात शुश्रूषा, सगळं असूनही पंधराव्या शतकात या माणसांचं आयुष्य घटतच गेलं. प्लेग परत परत येत राहिला, क्षय कायमचा मुक्कामाला होता, आणि शतकाच्या अखेरीला घामाचा ताप (दरदरून घाम फुटून जीव घेणारी साथ) आला. एकाच दालनात झोपणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या, दिवसरात्र एकत्र स्तोत्रं गाणाऱ्या माणसांमध्ये क्षयाचा जंतू कसा फिरला असेल याची कल्पना आज आपल्याला सहज करता येते. डरहॅम आणि वेस्टमिन्स्टरच्या मठांच्या नोंदींतूनही असंच चित्र निघालं.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात १५३८ मध्ये बेकेटची समाधी फोडली गेली आणि १५४० मध्ये मठ बंद झाला. कॅथीड्रल राहिलं. बाकी इमारती वाटल्या गेल्या, पाडल्या गेल्या, काही वापरात राहिल्या. आज विबर्टच्या जलमनोऱ्याचा खालचा भाग त्याच्याच काळातला आहे, वरचा नंतर बदललेला. पाहुण्यांच्या दालनाकडे चढणारा नॉर्मन जिना किंग्ज स्कूलच्या आवारात उभा आहे. चौकाभोवतीच्या ओसरीचं छत पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे आणि त्यावर शेकडो कुलचिन्हं कोरलेली आहेत. मोठ्या शयनगृहाचे थोडेच अवशेष उरलेत. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांनी तो नळांचा नकाशा हाती घेऊन सगळं आवार तपासलं. जिथे नकाशा भिंत दाखवतो तिथे बहुतेक ठिकाणी भिंत, निदान तिचा पाया, त्यांना सापडला.

नकाशा केंब्रिजला पोचला तो थॉमस नेव्हिलमुळे. हा एकाच वेळी ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख आणि कँटरबरीचा डीन, म्हणजे कॅथीड्रलचा कारभार पाहणारा धर्मगुरू, होता, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्तोत्रांचं ते पुस्तक त्याने कॉलेजला दिलं. १ जून १९४२ च्या रात्री जर्मन विमानांनी कँटरबरीवर बॉम्ब टाकले. कॅथीड्रल वाचलं, त्याच्या शेजारची ग्रंथालयाची इमारत पडली. नकाशा तेव्हा केंब्रिजमध्ये होता.