शाफहाउझेनवरील बाँबहल्ला

दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिलेल्या स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन या शहरावर अमेरिकेच्या बाँबफेकी विमानांनी १ एप्रिल १९४४ रोजी चुकून केलेला हल्ला. त्यात ४० माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे २७० जखमी झाली. युद्धकाळात दोस्तराष्ट्रांच्या बाँबांनी स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या बळींपैकी जवळजवळ निम्मे बळी या एकाच सकाळचे आहेत.

शहर नेमके कोठे वसले आहे हे पाहिल्याशिवाय ही घटना उमगत नाही. स्वित्झर्लंड व जर्मनी यांची सीमा बऱ्याच ठिकाणी ऱ्हाईन नदीच्या पात्रातून जाते. शाफहाउझेन मात्र नदीच्या पलीकडे, उत्तर तीरावर आहे आणि त्याच्या कँटनभोवती (स्वित्झर्लंडमधील घटक राज्याला कँटन म्हणतात) बहुतेक सगळीकडे जर्मनीच आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्या सहलींच्या बसगाड्या ज्या ऱ्हाईन धबधब्यापाशी थांबतात, तो येथून जेमतेम तीन किमी.वर आहे. नकाशावर सीमेची रेघ ठळक दिसते. काही हजार मीटर उंचीवरून मात्र अलीकडे-पलीकडे तीच शेते, तीच कौले आणि तीच नदी. नदीच्या उत्तरेला ते जर्मनी, असा ढोबळ हिशेब केला की शाफहाउझेन जर्मनीत जमा होते. जर्मनीच्या दबावामुळे नोव्हेंबर १९४० पासून स्विस लोक रात्री दिवेही घालवत, त्यामुळे अंधारातही दोन्ही देश वेगळे ओळखू येत नसत. शाफहाउझेनवर तर बाँब पडले ते भरदिवसा.

त्या शनिवारी अमेरिकेचे आठवे हवाई दल इंग्लंडहून निघाले ते लुडविग्सहाफेन येथील रसायनांचा प्रचंड कारखाना उडवण्यासाठी. ते शहरही ऱ्हाईनकाठचेच, पण शाफहाउझेनच्या उत्तरेला सुमारे २०० किमी. दूर. हवामान इतके वाईट होते की अनेक तुकड्या अर्ध्या वाटेवरून परतल्या. बी-२४ लिबरेटर विमानांच्या तुकड्या पुढे गेल्या. वरच्या थरातले वारे अंदाजापेक्षा फार जोरदार निघाले, खाली ढग दाटलेले होते आणि वाट दाखवणाऱ्या विमानातील रडारने दगा दिला. विमाने दक्षिणेकडे वाहवत गेली. काही तुकड्यांचे बाँब फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग आणि जर्मनीतील फोर्टसहाइमवर पडले. ढगांच्या फटीतून नदीकाठचे एक शहर दिसले, तेच जर्मन लक्ष्य समजून उरलेल्यांनी बाँब सोडले.

शहरात भोंगा वाजला होता. पण भोंगा गेली काही वर्षे नेहमीच वाजत असे. परकी विमाने डोक्यावरून जात आणि काही होत नसे. म्हणून त्या सकाळीही लोक तळघरात उतरले नाहीत. कित्येकजण रस्त्यावर, दारात उभे राहून चकाकणारी विमाने पाहत होते. आपला देश या युद्धात नाही, हा विश्वास इतका अंगवळणी पडला होता. त्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९०७ च्या हेग करारातले पहिलेच कलम तटस्थ देशाची भूमी अभंग राहील असे सांगते आणि ही माणसे त्या वचनावर विसंबून जगत होती.

अकराला काही मिनिटे असताना, मिनिटभराच्या आत, सुमारे ४०० स्फोटक व दाहक बाँब कोसळले. आधीचे बरेचसे बाँब शहराबाहेरच्या जंगलात गेले. नंतरचे कारखाने, रेल्वे स्थानक आणि जुन्या वस्तीवर पडले. एकाच वेळी अनेक ठिकाणी आगी भडकल्या. अकराव्या शतकातल्या बेनेडिक्टाइन मठात थाटलेल्या संग्रहालयालाही बाँब लागले आणि शाफहाउझेनमध्येच जन्मलेल्या टोबियास श्टिमर या सोळाव्या शतकातील चित्रकाराची चित्रे जळून गेली. आपल्याच गावच्या चित्रकाराची चित्रे गावातच जळावीत, हे नुकसान कोणत्याही रकमेत मोजता येण्यासारखे नाही. मृतांना शहराच्या वनदफनभूमीत एकत्र पुरण्यात आले.

शाफहाउझेनचे काही कारखाने जर्मनीला माल पुरवत, म्हणून अमेरिकेने मुद्दाम धडा शिकवला, अशी वदंता बराच काळ टिकून होती. उपलब्ध लष्करी कागदपत्रांतून मात्र दिशा चुकल्याचेच दिसते, आणि अभ्यासकांचे मतही तसेच आहे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी लगोलग खेद व्यक्त केला व अमेरिकेने त्याच महिन्यात १० लाख डॉलर दिले. अखेरचा हिशेब १९४९ मध्ये झाला : युद्धकाळातील सर्व हल्ल्यांच्या भरपाईपोटी ६,२१,७६,४३३ स्विस फ्रँक आणि ६ सेंटिम.

हल्ले मात्र खेद व्यक्त करून थांबले नाहीत. छपरांवर मोठमोठे स्विस क्रूस रंगवले गेले, तरीही २२ फेब्रुवारी १९४५ रोजी शाफहाउझेनपासून जवळच असलेल्या श्टाइन आम ऱ्हाईनमध्ये ९ जण व राफ्झ गावात ८ जण मारले गेले. ४ मार्चला बाझेल व झुरिकवर बाँब पडले. झुरिकमध्ये ५ जणांचा जीव गेला. तेव्हा कोठे अमेरिकेचे जनरल कार्ल श्पाट्झ स्वतः स्वित्झर्लंडच्या राजधानीत, बेर्नला आले आणि सीमेलगतच्या पट्ट्यात बाँब टाकण्यावर कडक बंधने आली. झुरिकच्या हल्ल्याबद्दल एक वैमानिक व एक दिशादर्शक यांच्यावर जून १९४५ मध्ये इंग्लंडात लष्करी खटला चालला. न्यायपीठाचे अध्यक्ष होते कर्नल जेम्स स्टुअर्ट, हॉलिवुडचे प्रसिद्ध नट आणि स्वतः लिबरेटर विमाने चालवलेले अधिकारी. दोघांचीही निर्दोष सुटका झाली. शाफहाउझेनच्या ४० मृत्यूंबद्दल असा खटला कोणावरही भरला गेला नाही.